पाय धरले

लालबाग, बुऱ्हाणपूर
७ फेब्रुवारी २०२४

कुसुम,

एका हातानं भाकर थापता येत नाही, हे साफ झूट आहे. येते. वाकडी येते, पण पोटात गेल्यावर तिले सरळ-वाकडी कोण पाहते? माझी मी थापते, माझी मी खाते. शेजारची गायत्री डबा घेऊन आली होती, तिले दारातूनच परत लावली. उपकाराचा डबा मले पचत नाही.

कागद लिहिते, कारण फोनवर तू मधीच कट करते. कागद कट होत नाही. फाडशील तं फाड, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढी मी तुले ओळखते. दोघी भाऊ-भावाच्या बायका, चव्वेचाळीस वर्षं एकमेकीचं तोंड पाहून राहिलो. भाऊ दोन्ही गेले, तोंडं राहिली. भिकन दूधवाला रोज चांदनीहून गाडीनं येते, त्याच्या हाती देते.

आता कामाचं. काल डॉक्टरनं मनगटाचा नवा फोटो काढला. हाड सरकलं म्हणे. सोळा तारखेले, शुक्रवारी, परत ओढून बसवतो म्हणे, दहा वाजता. त्याच्या पुढं ढकललं तं तसंच वाकडं जुळल अन् मनगट फिरणार नाही. डावं मनगट नाही फिरलं तं मांडा हातावर झेलता येत नाही. आखाजीचा सण मे महिन्यात आहे. लालबागेतल्या अर्ध्या घरचे मांडे माझ्या हातचे असतात, अन् आता मी खापरापुढं बसून दुसरीनं फाडलेले मांडे पाहू?

तीच सुई देणार आहे, मागच्या वेळची. पण घरचं माणूस सोबत पाहिजे, त्याच्याशिवाय सुई देत नाही. रितेश सुरतेत आहे. आला असता तरी काय कामाचा, माझ्या पोराले रक्ताचा थेंब पाहून चक्कर येते. मग राहिली तू. अन् तू भिकनजवळ काय सांगून पाठवते? ‘मी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही.’

कायले? हात माझा ओढला का तुझा? मले तं काही आठवत नाही. डोळे मिटले, डोळे उघडले, प्लास्टर तयार. मी उठून बसले, चहा मागितला, अन् तू चहा न घेता रिक्षात बसून स्टेशनावर चालली गेली. बिमार मी, तोंड उतरलं तुझं.

माझं साधं म्हणणं आहे. जे आठवत नाही ते झालंच नाही. दुखलं असल तं असल, पण कोणाले? मले नाही. तुझ्या मोनालीले विचार. दोन महिन्यांची होती, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तं आपल्या सासूनं सुई तापवून, बिब्यात बुडवून पोटावर पाच चटके दिले. तिले एक तरी आठवते का? बेचाळीस वर्षांची झाली, खंडव्यात मास्तरीण आहे, दोन लेकरांची माय आहे. चटके गेले वाऱ्यावर. तसंच हे.

सोळाले दहाच्या आधी ये. नाटकं नको.

रंभा

*

चांदनी
९ फेब्रुवारी २०२४

श्रीमती रंभाबाई यांस,

नमस्कार. तुम्हाला आठवत नाही, हे खरं आहे. मला आठवतं.

तुमचे डोळे मिटलेले नव्हते. टक्क उघडे होते. एक कंपाउंडर तुमचं कोपर धरून होता आणि डॉक्टर मनगट ओढत होता. तुम्ही अशा ओरडलात की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून दाराशी आली. मी तुमचा खांदा धरला, तर तुम्ही माझ्या दंडाला चावलात. अजून हिरवंनिळं आहे. पंकजची बायको विचारते, सासूबाई हे काय झालं? मी सांगते, दार लागलं.

मी डॉक्टरला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, “माताजी, घबराओ मत, इनको कुछ याद नहीं रहेगा.” मी म्हटलं, “और मेरे को?” तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

आणि तुम्ही गयावया करत होत्या. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही विचारलंत तुला काय झालं, म्हणून लिहिते. “मी पाय धरले, मी पाय धरले, मायनं सांगितलं म्हणून पाय धरले.” एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. ज्या रंभाबाईनं डोईफोडिया गावच्या घरात कोणापुढे मान वाकवली नाही, सासऱ्यांशीसुद्धा उभ्यानं भांडली, ती बाई टेबलावर पडून कंपाउंडरचे पाय धरायची भाषा करत होती. तो पोरगा तोंड दाबून हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दहा मिनिटांनी तुम्ही उठून म्हणता, “झालं? एवढंच? उगीच घाबरवतात.”

तुम्ही विसरलात म्हणजे ते गेलं कुठं? माझ्या अंगावर टाकून तुम्ही मोकळ्या झालात.

मोनालीचं नाव यात आणू नका. त्या दिवशी मी विहिरीवरून धुणं घेऊन आले तेव्हा ती झोपलेली होती. आवाज बसलेला, झोपेत हुंदके देत होती. झबलं वर केलं तर पोटावर पाच काळे डाग. मी सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, “मी दिले.” त्यानंतर सोळा वर्षांनी त्या मरायला टेकल्या, पाणी पाणी करत होत्या, तेव्हा मी तांब्या हातात घेऊन उभी राहिले आणि पाणी घातलं नाही. तुम्ही दारात होत्या, तुम्ही पाहिलंत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्या घरात तुम्ही एकट्या होत्या ज्यांनी माझ्या लेकराच्या पोटाला लोणी लावलं. म्हणून तुम्ही कितीही टाकून बोललात तरी तुमच्या हाकेला मी येत आले. दवाखान्यातही त्यासाठीच आले. पण ते परत बघायला मी येणार नाही. इंदूरला पूर्ण झोपवून ऑपरेशन करतात. रितेशला सांगा, त्याला चक्कर आली तर तिथे डॉक्टर आहेतच.

कुसुम

*

लालबाग
११ फेब्रुवारी २०२४

कुसुम,

चावले असल तं हळद लाव. चावण्याचं मी काही म्हणत नाही, चावण्यात बेइज्जती नाही. गयावया? मी? त्या कालच्या पोराचे, कंपाउंडरचे पाय?

तू दहावी पास म्हणून गावभर मिरवली अन् तुले मराठी समजत नाही. पाय धरणं दोन तऱ्हेचं असते. एक माफीचं. एक हातानं गच्च धरायचं, हालू नये म्हणून. मी माफीचं कायले म्हणीन? जिंदगीत मागितली नाही, तं टेबलावर पडून मागीन? माय म्हणे धर, लेकरू हालते, सुई भलतीकडं लागल. धर म्हणे, तं धरले. एवढी गोष्ट. याच्यात कंपाउंडर कुठून आला? माझ्या तोंडचे शब्द ऐकायचे तं पुरे ऐकायचे. अर्धे ऐकून लोकाले सांगायचे नाही.

तू कोणाकोणाले सांगितलं का रंभाबाई गयावया करत होती? पंकजले? त्याच्या बायकोले? भिकनले तं सांगितलंच असल, तो आजकाल दूध मोजताना माझ्या तोंडाकडं पाहते. सगळ्यांले परत सांग. म्हण, माझी ऐकण्यात गलती झाली.

इंदूरचं मले सांगू नको. छातीची ईसीजीची पट्टी काढली तवा डॉक्टर म्हणे, दिलाची गडबड आहे, पूर्ण झोपवलं तं उठवायची ग्यारंटी नाही. मनगटासाठी मरायले मी काही खुळी नाही. इथंच ओढायचा. अर्धा घंट्याचं काम आहे. तुले पाहवत नाही तं भिंतीकडं तोंड करून उभी राहा. कानात कापूस घाल. माणूस हजर पाहिजे एवढाच नियम आहे, डोळे उघडे पाहिजे असा नियम नाही.

सोळाले ये.

रंभा

*

चांदनी
१२ फेब्रुवारी २०२४

कोणाचं लेकरू हालत होतं?

एवढंच लिहा. दुसरं काही लिहू नका.

कुसुम

*

लालबाग
१३ फेब्रुवारी २०२४

कुसुम,

एवढा मोठा कागद अन् त्याच्यावर दोन ओळी. कागद फुकट येतात का चांदनीत?

तुझं. आणिक कोणाचं असल? तवा घरात दुसरं लेकरू होतं का?

आता छाती पिटायच्या आधी पूर्ण वाच. तीन दिवस ती दूध ओकत होती. पोटाले बोट लावलं तं टणटण वाजे. तुझा नवरा रेल्वेच्या ड्युटीवर, माझा शेतात, अन् डोईफोडियात तवा डॉक्टर कुठं होता? सासूमायले डोळ्यानं कमी दिसे. एकटीनं केलं असतं तं सुई कुठं लागली असती, सांग. म्हणे, रंभा, पाय धर. मी धरले. तुले मुद्दाम विहिरीवर धाडली होती. धुणं आदल्याच दिवशी झालं होतं, तुले तवा बी समजलं नाही. धुतलेलेच कपडे परत धुऊन आणले तू.

चौथ्या दिवशी पोट उतरलं. चटक्यानं उतरलं का आपोआप, मी काय डॉक्टर आहे? उतरलं. पोरगी जगली.

सांगितलं कायले नाही म्हणशील. तू मले विचारलंच नाही. मायले विचारलं, तिनं सांगितलं मी दिले. खोटं थोडीच बोलली? चटके तिनं दिले. मी एक बी दिला नाही. अन् लोणी मीच लावलं, ते बी खोटं नाही.

अन् हे सगळं मले आठवत बी नव्हतं. तुझा कागद वाचला तवा आठवलं. लेकरू विसरलं, मी विसरले, माय मेली. राहिली एकटी तू, मुठीत धरून बसलेली. मायले पाणी नाही घातलं, ते तू केलं. मी तुझा हात धरला नव्हता. ते तुझं तू पाहा, माझ्या अंगावर ढकलू नको.

आता हे झालं. विचारलं, सांगितलं. परवाच्या दिवसानंतर सोळा आहे. ये.

रंभा

*

चांदनी
१४ फेब्रुवारी २०२४

रंभाबाई,

नमस्कार लिहीत नाही.

तुम्हाला आठवत नव्हतं? मग त्या सुईखाली तोंडातून काय निघालं? मी तर तुम्हाला काही विचारलं नव्हतं. डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तुमचा हात कोणी ओढत होतं, तर तुमच्या तोंडून हाताचं काही निघालंच नाही. पाय निघाले. हात ओढल्याचं तुम्ही दहा मिनिटांत विसरलात, आणि हे बेचाळीस वर्षांत नाही. आता मला शिकवू नका की विसरलं म्हणजे संपलं.

मी काल मोनालीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मम्मी, छोड़ो ना, मुझे तो कुछ याद ही नहीं है, आप क्यों रो रही हो?” हसलीसुद्धा. तुमच्या हिशेबानं तुम्ही जिंकलात. पण रंभाबाई, ज्या वेळी सुई टेकली त्या वेळी तिला कुठं ठाऊक होतं की आपण हे विसरणार आहोत? दोन महिन्यांच्या लेकराला पुढचं-मागचं काय असतं? तिच्यापाशी तेवढंच होतं. पाच चटके, आणि तुमचे हात. ती मास्तरीण नंतर झाली.

आणि सासूबाई. मी एका म्हातारीला तहानेनं मरू दिलं. दोघींचा राग एकटीवर काढला. तुम्ही दारात उभ्या होत्या. “कुसुम, घाल पाणी, मी पण होते,” एवढं बोलायला किती वेळ लागला असता? तांब्या माझ्या हातातच होता. तुम्ही म्हणता माझा हात धरला नव्हता. धरायला पाहिजे होता. लेकराचे पाय धरता आले, माझा हात धरता आला नाही?

कालच्या तुमच्या कागदात धुण्याचं वाचलं. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की कपडे स्वच्छच दिसतात. मला वाटलं, नवी आहे, काम नीट केलं नाही म्हणून परत धाडलं. मी विहिरीवर रडत ते कपडे दगडावर आपटत होते, की आपल्याला धुणंही जमत नाही. आणि तिकडं तुम्ही.

मी शुक्रवारी येईन. सुई घ्या, ओरडा, दुसऱ्या दंडाला चावा. मी भिंतीकडे तोंड करणार नाही. पण त्याआधी मला लिहून पाठवा की ती किती वेळ रडली. आणि ती कोणाकडे बघत होती. तिला आठवत नाही, सासूबाई गेल्या, मला तर विहिरीवर धाडलं होतं. आता ते फक्त तुमच्याजवळ आहे. ते माझ्या लेकराचं आहे, मला द्या.

भिकन गुरुवारी दुपारी परत येतो. त्याच्या हाती कागद आला तर मी येईन. नाही आला तर येणार नाही.

कुसुम

*

लालबाग
१७ फेब्रुवारी २०२४

कुसुम,

झालं काम. काल.

गुरुवारी भिकन दारात उभा होता. म्हणे, बाई, कागद? म्हटलं, नाही, जा. तू आली नाही ते बरं केलं. बोलल्याप्रमाणे वागली, ही एक गोष्ट तुझ्यात चांगली आहे, बाकी सोड.

डॉक्टर म्हणे, घर का कोई? म्हटलं, कोई नहीं. म्हणे, फिर वो सुई नहीं मिलेगी, अगले हफ्ते किसी को लेकर आओ. म्हटलं, मत दो सुई, ऐसेच खींचो. तो माझ्याकडं पाहते, कंपाउंडरकडं पाहते. मग मनगटापाशी जागा सुन्न करायची बारीक सुई टोचली, ती लागली न लागल्यासारखी. म्हणे, माताजी, चिल्लाओगी. म्हटलं, तुम अपना काम करो. पदराचा बोळा तोंडात घातला अन् त्याले हात दिला.

तुझ्यासाठी नाही केलं. हे आधी लिहून ठेवते, नाही तं तू चांदनीत बसून डोळे पुसशील अन् सुनेले सांगशील का जाऊबाईनं प्रायश्चित्त घेतलं. तसलं काही नाही. त्या मोठ्या सुईनं माणसाचं तोंड सुटते, अन् मले आता माझ्या तोंडाचा भरोसा राहिला नाही. त्या दिवशी पाय निघाले. परत दिली असती तं काय निघालं असतं, कोणापुढं निघालं असतं? हात दुखलेला चालते.

दुखलं. खूप दुखलं. मले वाटलं दात तुटतात. पण एक शब्द काढला नाही, कंपाउंडरले विचारून घे. तो या वेळी हसला नाही. त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटन तुटलेलं होतं, मी त्याच्याकडंच पाहत होते, आता ते बटन डोळ्यापुढून जात नाही. आज बी सगळं जसंच्या तसं आठवते, कुठून धरलं, कसं पिळलं, कट वाजलं ते बी. मागच्या वेळी बी एवढंच दुखलं असल. म्हणजे तेवढं सगळं तू रिक्षात बसून चांदनीले घेऊन गेली. हे मी मानते. याच्यापुढं त्याच्यावर बोलायचं काही नाही.

फोटोत हाड जाग्यावर आहे. मनगट फिरते का नाही, ते सहा हप्त्यानं कळल. नाही फिरलं तं नाही.

काल संध्याकाळी मोनालीचा फोन आला होता. “बड़ी माँ, हाथ कैसा है?” एवढंच म्हणे. दुसरं काही काढलं नाही. तू तिले सांगितलं हे मले ठाऊक, मले ठाऊक आहे हे तिले ठाऊक, अन् ती म्हणते हाथ कैसा है. मी फोन ठेवून दिला. तिनं परत लावला. मी उचलला नाही. तिले सांग, मोठी मायचा हात ठीक आहे, रोज रोज फोन करू नको.

मायले मी पाणी घाल म्हणायले पाहिजे होतं. म्हटलं नाही. तू त्याच्यावर एवढं लिहिलं, त्याले माझी ही एक ओळ.

आता तुझं मागणं. किती वेळ रडली, मले ठाऊक आहे. कोणाकडं बघत होती, ते बी ठाऊक आहे. आधी बी ठाऊक होतं, तेरा तारखेच्या कागदात आठवत नव्हतं म्हणून खोटं लिहिलं. तू म्हणते ते तुझ्या लेकराचं आहे, तुले दे. नाही देत. घेऊन काय करशील? एक बेचाळीस वर्षं घेऊन बसली, त्याच्यावर हे बी घेऊन बसशील, अन् मी मेल्यावर बी बसशील. ते जिथं आहे तिथं राहू दे. भिकनले मी सांगितलं आहे, दूध आण, कागद आणू नको. तुले यायचं तं ये, दार उघडं आहे. आली तं भाकर मिळल, वाकडी. पण विचारायचं नाही. फोनवर नाही, कागदावर नाही, मी मरायले टेकले तरी नाही. मी सांगणार नाही.

रंभा